घरटी पाच शेणी

आमच्या कॉलनीत बत्तीस घरं आहेत. त्यांतल्या एकवीस घरांत मी टोपली घेऊन स्वतः गेले आणि प्रत्येक घरात पाच-पाच शेणी देऊन आले. मालक गेले की त्या आमच्या दारात आणून ठेवायच्या, असं सांगून आले. मालक त्या वेळी जिवंत होते. खिडकीपाशी खाटेवर बसून चहा पीत होते.

मालक म्हणजे माझे नवरे. नाव घ्यायची सवय लागली नाही, आता लावून उपयोग नाही. आणि शेणी म्हणजे गोवरी. शेणात भुसकट कालवून, थापून, उन्हात वाळवलेली. कॉलनीतल्या निम्म्या माणसांना हेही सांगावं लागलं, म्हणून इथं सांगते.

कोल्हापूर इथून चार मैलांवर. मी लग्न होऊन आले तेव्हा ही कॉलनी नव्हती, वस्ती होती. ऊस, उसाच्या कडेनं गाडीवाट आणि वाटेवर अकरा घरं. दहा आमच्या भावकीची आणि एक गवंडीकाम करणाऱ्या मुसलमान मिस्त्रींचं. मग रस्ता रुंद झाला. भावकीनं एकेक करून रानं विकली. आम्हीही विकलं. कोणी फसवलं नाही, कोणी जबरदस्ती केली नाही. उसाला पाणी पाजून मालकांची कंबर गेली होती आणि पोटाला एकच मुलगी, ती गारगोटीला दिलेली. चुन्याच्या रेघा पडल्या, प्लॉट झाले, आणि ऊस होता तिथं बंगले आणि दोन चारमजली इमारती उभ्या राहिल्या. भावकी शहरात पेठेत राहायला गेली. मागं राहिलो आम्ही, आमचा एक पुतण्या आणि मिस्त्री.

कॉलनीतली माणसं वाईट नाहीत. ती इथं नसतात, एवढंच. सकाळी नऊला गाड्या काढून शहरात जातात. नोकरी तिथं, शाळा तिथं, खाणं तिथं, रविवारी फिरणंही तिथं. दसऱ्याला, गणपतीला, फुटबॉलच्या मॅचला शहरात पाय ठेवायला जागा नसते. इथं दिवसभर कुत्री आणि म्हातारी माणसं. कोणाच्या घरात काय चाललंय ते मोबाईलच्या ग्रुपवर कळतं. माझ्या मोबाईलमध्ये तो ग्रुप नाही. पुतण्याच्या मोबाईलमध्ये आहे.

वस्तीत कोणी मेलं की बोलावणं जात नसे. रडणं ऐकू आलं की प्रत्येक घरातून एक बाई पाच शेणी घेऊन निघायची. दाराच्या डाव्या हाताला ठेवायची आणि मग आत जाऊन रडायची. आधी शेणी, मग रडणं. ज्या घरचं माणूस गेलं त्या घरची शेणी त्या दिवशी चालत नसे. नवी नवरी असताना मी सासूला विचारलं होतं, का चालत नाही म्हणून. ती म्हणाली, "आपलं माणूस आपल्याच शेणीवर जाळायला आपण काय एकटं ऱ्हातोय व्हय?"

घरटी पाच म्हणजे दहा घरांच्या पन्नास. पन्नास शेणींवर माणूस जळत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाकीच्या भावकी गाडीत भरून न्यायची, पण ह्या पन्नास सगळ्यांत वर रचायच्या. आणि दिलेली शेणी कोणी परत घरात घेत नसे. मिस्त्रींच्यात पुरतात, तरी त्यांच्या घरच्या पाच यायच्याच. त्यांच्यातलं कोणी गेलं की आमचे पुरुष माती द्यायला जायचे. ह्यात कोणाला मोठेपणा वाटत नव्हता. ते काम होतं.

ओढ्याकाठची जाळायची जागा पुढं रस्त्यात गेली. आता सगळे शहरातल्या स्मशानात नेतात. तिथं शेणी फुकट मिळतात. होळीला लोक होळी लहान करतात आणि शेणी तिकडं दान देतात. चांगली सोय आहे. नावं ठेवायला जागा नाही.

माझी पहिली चूक समोरच्या बंगल्यात झाली. तिथं शाळेतून रिटायर झालेल्या एक बाई राहतात, मूळच्या आजऱ्याकडच्या. काही वर्षांपूर्वी त्यांचे यजमान गेले. सकाळची वेळ होती. रडणं ऐकू आलं आणि माझे पाय आपोआप घरामागच्या परड्यात गेले. पाच चांगल्या शेणी निवडल्या, टोपलीत घातल्या आणि नेऊन त्यांच्या दाराच्या डाव्या हाताला ठेवल्या. त्यांचा मुलगा पायरीवर मोबाईल घेऊन उभा होता.

"काय ठेवताय?"

"शेणी."

"कशाला?"

मला वाटलं, दुःखात विचारतोय. मी म्हटलं, "पाच हायत. बघून घे."

आतून त्यांची कोणीतरी नात्यातली बाई बाहेर आली. तिनं शेणींकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि तोंडावर पदर घेतला. "अगं बाई, मेल्या घरी कुणी करणी करतं का?" मुलानं केर भरायची सुपली आणली, शेणी तिच्यावर घेतल्या आणि कंपाउंडच्या भिंतीवरून बाहेर टाकल्या. दोन फुटल्या. मी आत गेले, बसायचं तेवढं बसले, रडायचं तेवढं रडले आणि घरी आले. मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "च्या टाक."

महिन्यानं बाई स्वतः आल्या. कोणाकडून तरी त्यांना वस्तीची रीत कळली होती. बहुतेक मिस्त्रींकडून.

"आजी, आम्हाला माहीत नव्हतं हो. आमच्याकडं लाकडं असतात. पोराला वाटलं, कुणी काही केलं."

"तुमच्यावर करणी करून कुणाला काय घावणार हाय, बाई?"

त्या हसल्या, मग रडल्या. तेव्हापासून आमचं बोलणं सुरू झालं. पण त्यांच्या घरी जाताना मी हातात कधी काही नेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी मालकांना अर्धांग झालं. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं मात्र राहिलं. ते गेलं असतं तर मला सोपं पडलं असतं. खाट खिडकीपाशी लावली. तिथून म्हैस दिसायची आणि तिच्या मागं इमारत. एक दिवस मी त्यांचं अंग पुसत होते तेव्हा म्हणाले,

"अगं, मी गेलो की मला वस्तीनं पोचवायचं."

"वस्ती कुटं हाय आता?"

"ही काय." चांगल्या हातानं त्यांनी इमारतीकडं दाखवलं.

"ती माणसं तुमास्नी वळखत बी न्हाईत."

"घरटी पाच शेणी. दानाच्या नगोत मला."

"दानाच्या शेणीला काय काटं असत्यात?"

"दानाची कुणाचीबी असती."

"आनि मेल्यावर तुमास्नी ते कळनार हाय व्हय?"

"तुला कळंल की."

मी पाण्याची बादली उचलून बाहेर गेले. त्यानंतर हे बोलणं रोजचं झालं. जेवताना, कूस बदलताना, लघवीचं भांडं लावताना. दुसरं काही मागितलं नाही माणसानं. गोड मागितलं नाही, लेकीला बोलवा म्हटलं नाही. घरटी पाच शेणी, एवढंच.

गेल्या दिवाळीनंतर कॉलनीची मीटिंग झाली, माझ्या म्हशीवरून. म्हैस एकच राहिली होती. सेक्रेटरी बँकेतून रिटायर झालेले, बोलायला मऊ.

"आजी, तक्रार नाही. विनंती आहे."

"विनंती ऐकली न्हाय तर?"

"मग तक्रार."

सगळे हसले. मीही हसले. एक बाई म्हणाल्या, डास होतात. मी म्हटलं, डास तुमच्या कुंड्यांखालच्या बशांत होतात, मी बघितलंय. दुसऱ्या म्हणाल्या, वास येतो. मी म्हटलं, येतो. खोटं कशाला बोला.

"किती दिवस ठेवणार आहात?" सेक्रेटरींनी विचारलं.

"मालक हायत तवर."

एका तरुण माणसानं अगदी मनापासून विचारलं, "म्हणजे, अंदाजे?"

"डाक्टरला इचारलं मी. ते म्हणाले, सांगता येत न्हाय. तुमाला येत असलं तर सांगा."

शेवटी पाऊस लागायच्या आत म्हैस हलवायची असं ठरलं. मी मान्य केलं. त्यांना वाटलं, म्हातारीला दुधाचा लोभ आहे. म्हैस तेव्हा आटत आली होती. मला ती शेणापुरती हवी होती.

हिवाळाभर मी शेणी लावल्या. गुडघे दुखतात म्हणून खाली बसून न थापता उभ्यानं भिंतीवर लावल्या. भिंतीवरची शेणी पातळ होते, लवकर वाळते, पण काढताना फुटते. फुटलेली बाजूला, पाणी तापवायला. सगळ्या वाळल्या की परड्यात गोल रचून हुडवा केला, म्हणजे शेणींची रास, आणि वरून गवत आणि प्लास्टिक. मालक खिडकीतून बघायचे. "ती काढ, कडा फुटलीया," म्हणायचे. मी म्हणायचे, "या की तुमी, रचा."

होळीला कॉलनीतले लोक दानासाठी शेणी मागत आले. "आजी, हुडवा द्या, तुमच्या नावानं फोटो टाकतो ग्रुपवर." मी अर्धा दिला. राहिलेल्या अर्ध्याकडं बघून एक जण म्हणाला, "एवढं साठवून काय वर घेऊन जाणार?" मी म्हटलं, "व्हय. त्यालाच ठेवल्यात." त्याला चेष्टा वाटली.

चैत्रात म्हैस विकली. हुपरीकडच्या एकानं नेली. टेम्पोत चढताना तिनं त्रास दिला नाही. रिकामा गोठा मालकांना खिडकीतून दिसायचा, म्हणून खाट फिरवू का विचारलं. नको म्हणाले.

गोठा रिकामा झाला तेव्हा माझ्या डोक्यात आलं की ह्या कॉलनीत कोणाच्याच घरी जनावर नाही. मिस्त्रींच्या शेळ्यासुद्धा कधीच्या गेल्या. मग मालक गेले तर माणसं शेणी आणणार कुठून? माणसं यायला तयार झाली तरी शेणी माझ्याच परड्यात, आणि घरची शेणी तर चालत नाही. दोन वर्षं ते बोलत होते आणि दोन वर्षं मी ऐकत होते, आणि ही साधी गोष्ट दोघांच्याही ध्यानात आली नव्हती.

मी मालकांना म्हटलं, "मीच वाटून येते. घरटी पाच."

"म्हंजे आपल्याच की."

"दिल्या की त्यांच्या झाल्या."

त्यांनी दुपारभर विचार केला. चार वाजता म्हणाले, "चालंल."

मी रविवारी निघाले, कारण रविवारी माणसं सकाळी घरात असतात. पहिल्यांदा मिस्त्रींकडं. त्यांना काही सांगावं लागलं नाही. त्यांनी शेणी घेतल्या, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात घातल्या आणि माळ्यावर ठेवल्या. म्हणाले, "वैनी, मला सांगा, मी आधी गेलो तर ह्या कोण आणणार?"

"तुमची सून."

"तिला शेणी म्हंजे काय ठावं न्हाय."

"मग जाऊ नका आधी."

नंतर पुतण्याचं घर, मग बाईंचं. बाईंनी दोन्ही हातांनी घेतल्या. कुठं ठेवू विचारलं. मी म्हटलं, कोरड्या जागी. त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून पुस्तकांच्या कपाटाखाली ठेवल्या. त्यांचा मुलगा मागं उभा होता. त्यानं मान खाली घातली.

इमारतीत लिफ्ट आहे, पण टोपली घेऊन लिफ्टमधून जायला मला बरं वाटेना. जिन्यानं गेले. एका दारात नुकतं लग्न झालेली मुलगी होती. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "आजी, ह्याला एक्सपायरी असते का?"

"भिजली न्हाय तर न्हाय."

"आणि आजोबांना काय झालंय?"

"च्या पितायत."

एका घरात म्हणाले, आम्ही रेंटवर आहोत, पुढच्या वर्षी असू की नाही माहीत नाही. मी म्हटलं, आमचंही तसंच आहे. त्यांनी घेतल्या. एका घरात म्हणाले, असलं घरात ठेवत नाही, अपशकुन असतो. मी पुढं गेले. एका घरात मला भाजीवाली समजून "आज काही नको" म्हणाले. सेक्रेटरी दारात आले, हात बांधून उभे राहिले. "आजी, हे नियमात बसत नाही, पण ठेवा." बायकोनं आतून विचारलं, काय आहे? ते म्हणाले, "काही नाही, आजींच्या शेणी." जणू रोजच घरात शेणी येत होत्या.

सगळ्यांना मी एकच सांगितलं. बोलवायला कोणी येणार नाही. कळलं की आणायच्या. दाराच्या डाव्या हाताला ठेवायच्या.

तीन रविवार लागले. प्रत्येक वेळी परत आले की मालक विचारायचे, "किती घरं झाली?" सात, मग चौदा, मग एकवीस. एकवीस म्हटल्यावर ते वाकड्या तोंडानं हसले. "वस्तीत अकराच हुती," म्हणाले. इतकं खूष मी त्यांना लेकीच्या लग्नातही बघितलं नव्हतं. मला बरं वाटलं का? वाटलं. काम झालं, आता हा माणूस कधीही मरायला मोकळा आहे, असं वाटलं. हे असंच वाटलं, वेगळं लिहून काय करू?

श्रावण लागायच्या आधीची गोष्ट. चार दिवस पाऊस थांबला नव्हता. सकाळी मी त्यांना पेज भरवत होते आणि त्यांचा श्वास अडकला. पेज बाहेर आली. डोळे मोठे झाले. मला वाटलं, झालं. मी वाटी खाली ठेवली आणि त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. तर त्यांनी चांगल्या हातानं माझं मनगट धरलं. असं धरलं की बांगडी पिचली.

"दवाखान्यात ने," म्हणाले.

मी म्हटलं, "काय?"

"ने मला. लवकर ने."

दोन वर्षांत हे शब्द कधी त्यांच्या तोंडी आले नव्हते. मी पुतण्याला हाक मारली. त्यानं गाडी काढली. मागच्या सीटवर झोपवून शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. नळ्या लावल्या. दोन दिवस ते आत आणि आम्ही बाहेर. काचेतून बघितलं तर ते छताकडं बघत असायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी पुतण्या म्हणाला, "काकी, घरला जाऊन अंघोळ करून या, मी हाय." मी सिटी बसनं घरी आले. चुलीवर पाणी ठेवलं. पाणी तापायच्या आत त्याचा फोन आला.

"काकी, गेलं काका."

"बरं."

"काकी, हितनंच न्यायचं काय? घरला आणून परत उलटं तिकडंच जायचं. पाऊस लई हाय. आपल्या रस्त्यावर पानी चढाय लागलंय. तुमी म्हणशीला तसं."

तुम्ही म्हणाल तसं. हे त्यानं विचारलं होतं. त्याला काहीच दोष देता येणार नाही.

पाऊस होता हे खरं. रस्त्यावर पाणी होतं हेही खरं. पण गाडी यायला जागा होती. मी अर्ध्या तासापूर्वी त्याच रस्त्यानं आले होते. मला त्या वेळी राग होता. दोन वर्षं ह्या माणसानं माझ्याकडून मरणाची तयारी करून घेतली. उभ्यानं भिंतीला शेण लावून घेतलं, तीन रविवार लोकांचे जिने चढायला लावले आणि ऐन वेळेला म्हणाला, मला मरायचं नाही. मला तोंडावर पाडलं. असं मला वाटलं. आता वाटतं, मरताना कोणीही तेच म्हणेल. पण हे आता वाटतं. फोन कानाला होता तेव्हा नाही.

"तिथनंच न्या," मी म्हटलं.

फोन ठेवला. चुलीतल्या फुटक्या शेणी नीट पेटल्या होत्या. पाणी तापलं. मी अंघोळ केली.

पुतण्यानं ग्रुपवर कळवलं होतं. दवाखान्यातून थेट स्मशानात, असं लिहिलं होतं. माणसं कामावर होती, तरी आठ-दहा जण गाड्यांवरून, रेनकोट घालून तिकडं गेले, हे मला नंतर कळलं. दारात कोणी आलं नाही. येणार कशाला? दारात मी शेणी आणायला सांगितल्या होत्या आणि दारातून मढं जाणारच नव्हतं.

एकटे मिस्त्री आले. त्यांच्याकडं ग्रुप नाही. सुनेनं सांगितलं, तेवढं अर्धं ऐकून निघाले होते. सिमेंटचं पोतं पोटाशी धरून, डोक्यावर छत्री नाही. शेणी डाव्या हाताला ठेवल्या, वर पोतं झाकलं आणि पायरीवर बसले.

"कवा आणत्यात?"

"न्हाय आणत. तिकडनंच नेलं."

ते माझ्याकडं बघत राहिले. आमच्या घराचा पाया त्यांच्या बापानं घातला होता. मला वाटलं, विचारतील. विचारलं नाही. उठले, पोतं परत पोटाशी धरलं आणि कोपऱ्यावरून रिक्षा करून शहराकडं गेले.

संध्याकाळी पुतण्या आला. मी विचारलं, "मिस्त्री पोचलं?"

"पोचलं, पर अग्नी दिऊन झालतं. आत टाकता येईना. मग तिथल्या दानाच्या ढिगावर ठेवल्या."

म्हणजे पुढच्या कोणाला तरी लागल्या असतील. आम्हाला कोणाच्या लागल्या ते माहीत नाही. होळीला मी जो अर्धा हुडवा दान दिला होता, त्यातल्याही असतील. मालक म्हणालेच होते, दानाची कुणाचीबी असती.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन झालं. लेक गारगोटीहून आली होती. पाऊस उघडला होता, आणि रविवार होता. दहाच्या सुमाराला दारात आवाज झाला. बघितलं तर ती एक्सपायरी विचारणारी मुलगी. हातात प्लास्टिकची पिशवी.

"आजी, सॉरी. त्या दिवशी कुठं द्यायच्या ते कळलं नाही. आम्ही नीट ठेवल्या होत्या."

डाव्या हाताला ठेवून ती आत येऊन बसली. मग दुसरं घर आलं. मग तिसरं. एकानं बघितलं की दुसऱ्याला आठवत गेलं. भाड्यानं राहणारे आले. एका बाईंनी तीनच आणल्या. दोन डासांसाठी जाळल्या म्हणाल्या, त्याबद्दल एक किलो साखर आणली होती. सेक्रेटरींच्या पाचही जशाच्या तशा होत्या, वर घराचा नंबर पेनानं लिहिलेला. समोरच्या बाई शेवटी आल्या. वर्तमानपत्र काढून, घडी घालून त्यांनी पिशवीत ठेवलं आणि शेणी मुलाच्या हातात दिल्या. त्यानं वाकून एकेक मांडली.

कोणी कोणाला सांगितलं नव्हतं की आता ह्याचा उपयोग नाही. मीही सांगितलं नाही.

सगळे गेल्यावर बाई थांबल्या. हळू विचारलं, "आजी, घरी का नाही आणलं आजोबांना?"

"पाऊस हुता."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. चाळीस वर्षं पोरांची खोटी कारणं ऐकलेली बाई. मान हलवली आणि गेल्या.

त्या शेणींचं करायचं काय, हा प्रश्न होता. दिलेली शेणी घरात घेता येत नाही. लेक म्हणाली, आई, कोण बघतंय, पाणी तापव. मी ऐकलं नाही. दुपारी परत पाऊस आला. दाराच्या डाव्या हाताला शेणींचा ढीग भिजत राहिला. आठ दिवसांत कडा सुटल्या, पंधरा दिवसांत सगळा लगदा झाला आणि पाणी गेटातून बाहेर रस्त्यावर यायला लागलं. लेक गारगोटीला गेली. सेक्रेटरी एकदा येऊन उभे राहिले. नाकाला रुमाल लावला आणि गेले. मी समजले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटी घेऊन मी तो लगदा भरला आणि चिक्कूच्या बुडात नेऊन ओतला. बारा पाट्या झाल्या. दार धुतलं. संध्याकाळी पुतण्यानं मला मोबाईल दाखवला. ग्रुपवर लिहिलं होतं, गेटसमोरची जागा स्वच्छ केल्याबद्दल आजींचे आभार. खाली बऱ्याच जणांनी हात जोडलेले.

दारात अठरा घरांच्या आल्या होत्या. मिस्त्रींच्या तिकडं गेल्या, त्या धरून एकोणीस. दोन घरं आली नाहीत. ती कोणती हे मला माहीत आहे, पण सांगणार नाही. मालकांनी विचारलं असतं तर एकोणीस म्हणून सांगितलं असतं.